एसआरएच्या बिल्डिंगमध्ये मनाच्या आरोग्याची सोय कशी उभी करायची

हे लिहितेय ते सोसायटीच्या कमिटीत असलेल्या, महिला मंडळ किंवा बचत गट चालवणाऱ्या, वस्तीत काम करणाऱ्या ताई-दादांसाठी. म्हणजे ज्यांच्याकडे बिल्डिंगमधल्या एखाद्या खोलीची चावी आहे आणि ज्यांना रोज दिसतंय की लोकांना पक्कं घर मिळालं तरी लोक आतून थकलेत. मी मुंबईतल्या एसआरए (म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या) आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसन वसाहती डोळ्यासमोर ठेवून लिहितेय, पण म्हाडाच्या किंवा पंतप्रधान आवासच्या कॉलनीत राहत असाल तरी बरंचसं लागू पडेल.

झोपडी सुटली की काय काय सुटतं हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. गल्लीत दार उघडं असायचं, समोरची काकू तुमचं पोर सांभाळायची, नळावर भांडणं व्हायची पण बोलणंही तिथेच व्हायचं, रात्री कोणाच्या घरातनं आवाज आला तर चार जण उठून यायचे. बिल्डिंगमध्ये दार बंद, पॅसेज अंधारा, आणि शेजारी लॉटरीने आलेला, त्याला तुम्ही ओळखत नाही आणि तो तुम्हाला. घरी बसून पापड लाटणारी, माळा ओवणारी, दारात भाजी मांडणारी बाई पाचव्या मजल्यावर गेली की तिचा धंदा बसतो. रेल्वेच्या किंवा रस्त्याच्या कामात उठवलेली माणसं मानखुर्द-गोवंडीला आली पण त्यांचं काम जुन्याच ठिकाणी राहिलं. लिफ्ट बंद पडली की वरच्या मजल्यावरच्या आजी महिनोन्महिने खाली उतरत नाहीत. आणि मेंटेनन्स, जो झोपडीत कधी नव्हताच.

घर म्हणाल तर सुरुवातीच्या योजनेत २२५ चौरस फूट, मग २६९, आता ३००. त्यात पाच-सहा माणसं. गोवंडी-मानखुर्दच्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत बिल्डिंगा इतक्या चिकटून आहेत की खालच्या मजल्यांवर दिवसाही ट्यूबलाईट लावावी लागते. 'डॉक्टर्स फॉर यू' संस्थेने २०१८ मध्ये याच भागातल्या वसाहतींचा अभ्यास करून ऊन-वाऱ्याची कमतरता आणि टीबी यांचा संबंध दाखवला होता. फुप्फुसावर जे होतं ते डोळ्यांना आणि मशीनला दिसतं, मनावर होतं ते दिसत नाही एवढाच फरक, असं माझं मत.

म्हणून बाहेरून काउन्सिलर आणून महिन्यातून एकदा बसवला आणि बोर्ड लावला की काम झालं असं समजू नका. त्या बोर्डाखाली कोणी जात नाही. सोय उभी करायची तर ती बिल्डिंगच्या रोजच्या जगण्यात, लोकांच्या घराच्या अडचणींना चिकटूनच उभी करावी लागते. कशी ते सांगते.

आधी ऐकून घ्या

पहिला महिनाभर काहीही सुरू करू नका, फक्त विंगवाइज फिरा. फॉर्म घेऊन जाऊ नका, सर्व्हे म्हटलं की लोकांना वाटतं रूम भाड्याने दिलीय का ते तपासायला आलेत, आणि दार अर्धंच उघडतं. दुपारी तीन ते पाच बायका मोकळ्या असतात, पुरुष रात्री नऊनंतर गेटपाशी भेटतात, म्हातारी माणसं सकाळी. विचारायचं काय? "तुम्हाला डिप्रेशन आहे का" असं तर मुळीच नाही. झोप कशी लागते, जेवण जातं का, खाली उतरता का, शेवटचं कोणाशी मोकळं बोललात, लिफ्टचं काय झालं, पोरगं शाळेत जातं का. लोक सांगतात ते अंगाच्या भाषेत सांगतात: छातीत धडधडतं, डोकं जड होतं, हातापायाला मुंग्या येतात, गॅस होतो, टेन्शन आहे. तेच शब्द तुम्हीही वापरा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त असं चाललंय आणि त्यामुळे काम, स्वयंपाक, पोरांकडे बघणं सुटलंय असं ऐकलं की ते घर लक्षात ठेवायचं.

फिरताना आणखी एक गोष्ट बघून ठेवायची, ती सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक विंगमध्ये एक-दोन माणसं अशी असतातच ज्यांच्याकडे लोक आधीपासून जातात. कमिटीतलीच असतील असं नाही. एखादी शिवणकाम करणारी मावशी, बालवाडीची बाई, रिक्षा चालवणारे भाऊ. लोकांना विचारा, "अडचण आली तर पहिलं दार कोणाचं ठोठावता?" दोन-तीन घरांतून एकच नाव आलं की समजा तुमचं माणूस सापडलं.

खोली

एसआरएच्या बिल्डिंगमध्ये बालवाडी, कल्याण केंद्र आणि सोसायटी ऑफिस यासाठी जागा ठेवावीच लागते, मंजूर नकाशात ती असते. प्रत्यक्षात कल्याण केंद्रात बरेचदा मंडळाचं सामान, तुटक्या खुर्च्या नाहीतर कोणाचा तरी क्लास असतो. भांडून जागा मिळवू नका, वेळ मागा. आठवड्यातून दोन दुपार आणि एक संध्याकाळ पुरे. हे जनरल बॉडीत ठराव करून घ्या आणि मिनिट्समध्ये लिहून घ्या, कारण उद्या कमिटी बदलली की चावी पण बदलते.

खोलीला नाव काहीही द्या पण त्यात 'मानसिक', 'मनोरुग्ण', 'समुपदेशन' नको. 'मदत केंद्र', 'आधार खोली', 'ताईंची खोली' असलं काहीतरी. आणि तिथे फक्त मनाचंच काम करू नका, हे मी परत परत सांगेन. रेशनकार्डाचं नाव, लाईट बिल, शाळेचा दाखला, बीपी मोजणं हे सगळं त्याच टेबलावर झालं पाहिजे. मग कोणी बाई त्या खोलीत शिरताना दिसली तर बघणाऱ्याला कळत नाही ती बीपीसाठी गेली की नवऱ्याच्या दारूबद्दल बोलायला. हीच तिची सुरक्षितता.

आत दोन भाग करा, पडदा चालेल पण कपाट आडवं लावलं तर उत्तम. आत बोलणाऱ्याची पाठ दाराकडे आली पाहिजे. बाहेर पंखा किंवा रेडिओ चालू ठेवा म्हणजे आवाज बाहेर जात नाही. बारीकसारीक वाटतं, पण ३०० फुटाच्या घरात ज्या माणसाला रडायलासुद्धा कोपरा नाही त्याच्यासाठी वीस मिनिटं कोणी ऐकत नसलेली जागा मिळणं हीच अर्धी मदत आहे.

माणसं कोण आणि त्यांनी करायचं काय

लोक म्हणतात शिकलेला सायकॉलॉजिस्ट नसेल तर हे कसं चालणार. चालतं, आणि याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात 'संगाथ' संस्थेने मानसशास्त्र न शिकलेल्या साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवलं, त्यांनी जास्त तीव्र नैराश्य असलेल्या लोकांशी सहा ते आठ बैठका केल्या. तीन महिन्यांनी बघितलं तर या बैठका झालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते आणि ज्यांना त्या मिळाल्या नाहीत त्यांच्यात ३९ टक्के. हे २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलंय. आणि पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसीने नाशिक जिल्ह्यातल्या गावांत 'आत्मीयता' म्हणून काम केलं, तिथे गावातलीच माणसं निवडली, काहींनी फक्त कोण त्रासात आहे ते ओळखायचं आणि काहींनी चार ते सहा वेळा भेटून बोलायचं, शिवाय सरकारी योजनेपर्यंत पोचवायचं. बिल्डिंगसाठी मला हाच साचा सगळ्यात जवळचा वाटतो. प्रत्येक विंगला एक ओळखणारं माणूस आणि पूर्ण वसाहतीला चार-पाच बोलणारी माणसं.

कोणाला घेऊ नये तेही स्पष्ट सांगते. चेअरमन-सेक्रेटरी नको, कारण मेंटेनन्सची नोटीस तेच काढतात. भिशी चालवणारी किंवा व्याजाने पैसे देणारी व्यक्ती नको. इलेक्शनला उभं राहायची इच्छा असलेलं कोणी नको. आणि एकाच समाजाची, एकाच भाषेची माणसं नकोत, बिल्डिंग मिक्स असेल तर टीमही मिक्सच पाहिजे.

ट्रेनिंगसाठी जवळच्या मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागाला, सोशल वर्कच्या कॉलेजला किंवा या विषयात काम करणाऱ्या संस्थेला पत्र द्या. शिकायचं मुख्य काय, तर ऐकणं. मध्ये बोलायचं नाही, "सगळ्यांनाच असतं गं" म्हणायचं नाही, देवाचं-नशिबाचं आणायचं नाही. मग समोरच्याने काय काय करायचं सोडून दिलंय ते विचारायचं आणि त्यातली एकच छोटी गोष्ट पुढच्या भेटीपर्यंत परत सुरू करायला लावायची. सकाळी दहा मिनिटं खाली उन्हात बसणं, बहिणीला फोन करणं, एक वेळचं जेवण सगळ्यांसोबत. गोव्यातल्या त्या बैठकांचा गाभा साधारण हाच होता, मन बरं झाल्यावर काम सुरू करू असं न म्हणता आधी थोडं काम सुरू करायचं म्हणजे मन मागून येतं. औषध सुचवायचं नाही, आजार कोणता ते आपण ठरवायचं नाही, स्वतःच्या घरी बोलवायचं नाही.

आणि या ताई-दादांना पंधरा दिवसांतून एकदा कोणीतरी जाणकाराने बसवून त्यांचंही ऐकलं पाहिजे. दिवसभर दुसऱ्याचं दुःख ऐकून त्याच बिल्डिंगमध्ये झोपायला जाणं सोपं नाही. शक्य असेल तर मानधन द्या. बायका फुकट करतात म्हणून त्यांच्याकडून फुकट करून घ्यायचं हे मला पटत नाही.

गुप्तता

यावर सगळं उभं आहे किंवा कोसळतं. बिल्डिंगमध्ये बातमी लिफ्टपेक्षा लवकर वर पोचते आणि एकदा "तिने माझं बाहेर सांगितलं" असं झालं की त्या खोलीकडे कोणी फिरकत नाही. रजिस्टरमध्ये नाव आणि रूम नंबर लिहू नका, नंबर कोड द्या, कोडची वही वेगळी आणि कुलुपात. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणाबद्दल काहीही नाही, "अमुक विंगमधल्या ताईंसाठी प्रार्थना करा" हेसुद्धा नाही. फोटो नाही. देणगीदाराला फोटो हवा असेल तर रिकाम्या खोलीचा द्या. सासूने विचारलं सून काय बोलली, तर उत्तर एकच, "तिलाच विचारा." भेटायला आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच वाक्यात सांगा की हे बाहेर जाणार नाही, फक्त जिवाला धोका असेल किंवा लहान मुलाला कोणी इजा करत असेल तर मला दुसऱ्याला सांगावं लागेल आणि तेही तुम्हाला सांगूनच.

घराचे प्रश्न त्याच टेबलावर

मेंटेनन्स थकलाय म्हणून पाणी तोडायची धमकी, ट्रान्झिटचं (नवी बिल्डिंग होईपर्यंत बाहेर राहायचं) भाडं बिल्डरने थांबवलंय, पात्रतेच्या यादीत नाव नाही, आई वारली आणि रूम तिच्या नावावर, दोन भावांत भांडण. रात्रीची झोप उडवणारी कारणं ही आहेत. अशा माणसाला फक्त श्वासाचे व्यायाम शिकवले तर तो परत येणार नाही आणि त्याचं बरोबरच आहे. म्हणून महिन्यातून एक दिवस कागदपत्रांची माहिती असलेलं माणूस, जमल्यास मोफत कायदा सेवेतला वकील, त्याच खोलीत बसवा. थकबाकी असलेल्यांसाठी हप्ते बांधून देण्याचा ठराव सोसायटीने करावा आणि थकबाकीदारांची नावं नोटीस बोर्डावर लावणं बंद करावं. लिफ्ट बंद असेल तर वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांची यादी करून रोज एकाने वर जाऊन यायचं, दूध-औषध आणि दहा मिनिटं गप्पा. गच्चीवर किंवा पॅसेजमध्ये दोन बाकडी टाकली तरी फरक पडतो, लोकांना बसायला जागा दिली की बोलणं आपोआप सुरू होतं.

दवाखान्यापर्यंतचा रस्ता

काही जणांना बोलणं पुरत नाही. कानात आवाज येतात, कोणीतरी मारायला टपलंय असं वाटतं, दिवसेंदिवस झोपच नाही, बाळंतपणानंतर बाळाला हात लावावासा वाटत नाही, अशांना डॉक्टर लागतो. केईएम, सायन, नायर, कूपर या महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलांत मानसोपचार ओपीडी आहे. मुंबईबाहेर असाल तर ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम असते. नुसतं नाव सांगून पाठवू नका. पहिल्या वेळी कोणीतरी सोबत जा, केस पेपर कुठे काढायचा, कितव्या मजल्यावर, कोणत्या वारी, हे आधी स्वतः जाऊन बघून एका कागदावर लिहून खोलीत लावा. रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा होतो, तेव्हा ओपीडी सकाळी किती वाजता उघडते हे कळणं त्याच्यासाठी मोठी गोष्ट आहे. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून मधेच सोडायच्या नाहीत, हे घरच्यांनाही समजावून सांगा. कोणी आधी बाबा-भगताकडे जात असेल तर त्यावरून भांडू नका, "तिकडे जा, पण गोळी पण घे" एवढं म्हणा, तुटेपर्यंत ताणलं की माणूस दोन्हीकडून जातो.

आजार जुना आणि मोठा असेल तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकतं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे. त्यावरून संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो, तो भरायला मदत करा.

चोवीस तास फुकट फोन म्हणजे टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, नंबर १४४१६, मराठीत बोलतात, २०२२ पासून सुरू आहे. हा नंबर लिफ्टमध्ये, मीटर रूमवर, बालवाडीच्या दारावर लावा.

जिवाचा धोका असेल तेव्हा

"आता नको वाटतं", "माझ्यामागे पोरांचं काय" असलं कोणी बोललं तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगता येतं म्हणून माणूस हलका होतो. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सोबत ठेवायचं, विषारी औषधं आणि जास्तीच्या गोळ्या घरातून हलवायच्या, १४४१६ ला तिथेच बसून फोन लावायचा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल. गच्चीच्या दाराची चावी वॉचमनकडे राहील, वापराच्या वेळी कोणीतरी हजर असेल, हे कमिटीने आधीच ठरवून ठेवायचं.

काही झालंच तर पहिलं हॉस्पिटल, ११२ किंवा १०८. पोलिसांच्या भीतीने लोक वेळ घालवतात. एमएलसी (म्हणजे हॉस्पिटलने पोलिसांना कळवायची नोंद) होईल, जबाब घेतील, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. हे बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं. आणि माणूस घरी परत आल्यावर पुढचे तीन महिने सगळ्यात नाजूक, तेव्हा दर आठवड्याला दार ठोठवा.

दारू, मारहाण, पोरं

पुरुष त्या खोलीत येणार नाहीत हे धरूनच चला. संध्याकाळी कॅरम लावा, मंडळाच्या पोरांना सोबत घ्या, एखाद्या भाऊंना तिथे नुसतं बसवा, बोलणं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात निघतं. दारू सोडवायची असेल तर एक धोका लक्षात ठेवा, रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, तेव्हा घरात कोंडून सोडवू नका, हॉस्पिटलच्या देखरेखीखालीच. नंतर एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा गट) मीटिंगला पाठवा, त्या फुकट असतात, आणि घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन.

नवरा मारत असेल तर दोघांना समोरासमोर बसवून समजूत घालायची नाही, कमिटीसमोर तर अजिबात नाही, घरी गेल्यावर तिलाच दुप्पट मार पडतो. तिला एकटीला भेटा, महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर द्या, कागद आणि थोडे पैसे दुसरीकडे ठेवायला सांगा, निर्णय तिचा. मुलांसाठी हेल्पलाइन १०९८, म्हाताऱ्यांसाठी १४५६७.

दहावी-बारावीच्या पोरांना अभ्यासाला जागा नाही हाच त्यांचा मोठा ताण असतो. रात्री खोली अभ्यासिका म्हणून उघडी ठेवा आणि निकालाच्या आठवड्यात तिथे कोणीतरी बसलेलं असू द्या.

पैसा लागतो तो मानधन, लाईट, फोन आणि हॉस्पिटलला जायच्या रिक्षाभाड्याला, बाकी फारसा नाही. एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून (समाजकामासाठीच्या निधीतून) मिळवा, पण खोलीवर कोणाचा बॅनर, कोणत्या पक्षाचा फोटो लावू देऊ नका, अर्धी बिल्डिंग लगेच बाहेर जाईल.

काम चाललंय का हे आकड्यांवरून बघायचं असेल तर किती जण आले यापेक्षा किती जण दुसऱ्यांदा आले ते मोजा. पहिल्या सहा महिन्यांत फक्त बीपीवालेच येतील, घाबरून खोली बंद करू नका. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी दार उघडं पाहिजे, पाऊस असो, गणपती असो, एकही माणूस येवो न येवो.